कव्हरच्या आतली तारीख

४ सप्टेंबर

गाडीचं काहीतरी बिनसलंय, हे आज नक्की झालं. सकाळी ठमीला शाळेत सोडायला निघालो. ठमी म्हणजे माझी नात, वय सहा, पण बोलणं साठीचं. निघाल्यापासून इंजिनातून एक बारीक आवाज येत होता. खरखर म्हणावी तर नाही, शिट्टी म्हणावी तर तीही नाही. मी कान देऊन ऐकत होतो, आणि त्या नादात सिग्नलला वळायचं ते सरळ गेलो. फाटकासमोर गाडी उभी केली तर बाईसाहेब उतरायलाच तयार नाहीत.

"आजोबा, ही माझी शाळा नाही. ही आईची शाळा."

वर बघतो तर खरंच लेकीची जुनी शाळा. तीस वर्षांपूर्वी रोज इथेच सोडायचो तिला. म्हटलं, "तुला दाखवायला आणली."

"मग आधी सांगायचं ना! बाई ओरडतील आता."

बाई ओरडल्या. ठमीला नाही, मला. आजोबा, वेळेचं बघा जरा म्हणे. मला! व्हॅनच्या डेपोत गाड्यांची देखभाल करताना अख्खं आयुष्य ज्याला "तारीखसाहेब" म्हणत होते, त्याला ही कालची पोरगी वेळ शिकवणार.

घरी सांगायची गरज नाही, असं ठमीला म्हटलं. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर.

५ सप्टेंबर

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उलगडा झाला. टायमिंगचा पट्टा! इंजिनाची खालची बाजू आणि वरची बाजू एका ठेक्यात चालावी म्हणून मधे हा दातेरी रबरी पट्टा असतो. तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह खालच्या पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जागच्या जागी संपतं. आणि मेला आधी कुरकुर करत नाही. क्लच कुरकुरतो, ब्रेक ओरडतात, बॅटरी मरायच्या आधी चार दिवस नाटकं करते. पट्टा काल होता तसाच आज असतो, आणि पुढच्या वळणावर नसतो. म्हणून तो तारखेवर बदलायचा. साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. गाडी फिरली कुठे, असं लोक म्हणतात. अरे, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

माझा शेवटचा पट्टा ठमी जन्मली त्या आठवड्यातला. हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गाडी अडायला नको म्हणून मुद्दाम बदलून घेतला होता. गेल्या महिन्यात ठमीला सहा पूर्ण झाली. म्हणजे वर्षभर मी मुदत संपलेल्या पट्ट्यावर पोरीला मागे बसवून हिंडतोय! अंगावर काटा आला. हिला उठवून सांगितलं.

ही अर्धवट झोपेत म्हणाली, "अहो, ते मागच्या वर्षी झालं ना? शर्टाला पांढरा रंग फासून आला होतात. तो डाग अजून गेलेला नाही."

म्हटलं, तो खिडकीचा रंग, आणि मागच्या वर्षी झाला तो क्लच. पंचेचाळीस वर्षं गाडीवाल्याशी संसार केला, तरी हिला क्लच आणि पट्टा एकच. ही माझ्याकडे बघत बसली नुसती. मग उठून पाणी प्यायली.

६ सप्टेंबर

गाडी मिस्त्रीकडे नेऊन टाकली. हा मिस्त्री डेपोत माझ्या हाताखाली तयार झालेला. स्वतःचं गॅरेज काढून वीस वर्षं झाली, पण मी गेलो की अजून स्टूल पुसून देतो.

म्हटलं, "पट्टा बदलायचाय. वर्ष उलटून गेलंय."

तो म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी आपण..."

"मागच्या वर्षी क्लच केला आपण," मी म्हटलं.

तो म्हणाला, "गाडी फिरलीय कुठे पण साहेब एवढी?"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. माझ्याच हाताखाली शिकून हा मला किलोमीटर सांगतोय! झाप झाप झापला. म्हटलं, कव्हर उघड आणि आत बघ. माझी पद्धत त्याला माहीत आहे. पट्टा बदलला की त्यावरच्या काळ्या कव्हरच्या आतल्या बाजूला मी स्वतःच्या हाताने, पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख घालतो. बाहेर घालत नाही. डेपोत बाहेर घातलेल्या तारखा ड्रायव्हर लोक पुसून पुढच्या टाकायचे, व्हॅन उभी राहू नये म्हणून. आतली तारीख ज्याच्या हातात पाना आहे त्यालाच दिसते, आणि तिला कोणी हात लावत नाही. एका ड्रायव्हरने तर माझ्यावर पैज लावली होती, पट्टा नवाकोरा दिसतोय, साहेब उगाच काढतात म्हणून. सुट्टीवर गेलो तेव्हा त्याने तो तसाच ठेवायला लावला. पुलाच्या मधोमध व्हॅन बसली. परत आलो तर स्वारी हात बांधून दारात उभी.

मिस्त्री म्हणाला, "उघडतो साहेब. गाडी राहू द्या." किल्ली घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. झापल्याचं लागलं असावं. लागू दे.

१० सप्टेंबर

गाडी तिथेच. पट्टा मिळत नाही म्हणे, मॉडेल जुनं झालं. ठमीला शेजारच्या मुलीची आई सोडते आहे. लेकीने परस्पर ठरवून टाकलं. मी म्हटलं, मी चालत नेतो तिला, गाडी नाही म्हणून काय झालं? तर म्हणे, "नको बाबा, त्यांच्या गाडीत जागा आहे." माझ्या पायांतही जागा आहे, म्हटलं. तिला हसू आलं नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांवर सगळ्यांत आधी हसणारी ती.

संध्याकाळी ही आणि लेक स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तशा भाजीच्या भावावर आल्या. दोघींना खोटं बोलता येत नाही. माझ्यासाठी काहीतरी आणायचा बेत असणार. बूट आणा म्हणावं, हे झिजलेत.

१३ सप्टेंबर

लेकीने रक्तदाब तपासायला म्हणून डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब उत्तम. मग त्या डॉक्टरने शाळा सुरू केली. आज तारीख काय? मी तारीख सांगितली, वार सांगितला, वर त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्यात अडकलंय हेही सांगितलं. मग घड्याळ काढा. काढलं. त्याच्या जन्मात त्याने इतकं गोल घड्याळ पाहिलं नसेल. मग म्हणे तीन शब्द सांगतो, थोड्या वेळाने विचारीन. इकडचं तिकडचं बोलला आणि विचारले. मी म्हटलं, टेबल, किल्ली. तिसरा त्याने नीट उच्चारलाच नव्हता. काहीतरी फळ होतं. फळं हजार आहेत जगात.

लेक खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, "याची फी देऊ नकोस." तर डॉक्टर हसला, लेक नाही. काही तपासण्या अजून करायच्या आहेत आणि रिपोर्ट यायला वेळ लागेल, असं म्हणाली.

१४ सप्टेंबर

दाढी करताना आठवलं. लिंबू! तसाच साबणाच्या तोंडाने लेकीला फोन लावला. म्हटलं, कळव तुझ्या त्या डॉक्टरला, लिंबू. ती म्हणाली, "छान, बाबा," आणि फोन ठेवला. एवढी कसली घाई असते या लोकांना.

१७ सप्टेंबर

मिस्त्रीला फोन. पट्टा अजून वाटेत. म्हटलं, वाटेत म्हणजे बैलगाडीने येतोय का? नुसतं "हो साहेब" म्हणाला.

माझं बसून बसून डोकं पिकलं. खरं सांगायचं तर गाडीवाचून करमत नाही असं नाही. करमत नाही ते ठमीवाचून. सकाळची ती वीस मिनिटं माझी असतात. मागच्या सीटवरून ती सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते आणि चुकली की मलाच म्हणते, "तुम्ही फार जोरात नेता." आज शेजारणीच्या गाडीतून तिने हात केला. मी पण केला. आत येऊन पेपर वाचला. काय वाचलं ते विचारू नये.

बसल्या बसल्या डेपोतला एक किस्सा आठवला, तो कधी लिहिला नव्हता म्हणून लिहून ठेवतो. एका ड्रायव्हरने पैज लावली होती की पट्टा नवाकोरा दिसतोय, साहेब उगाच काढतात. मी सुट्टीवर असताना तसाच ठेवायला लावला. पुलाच्या मधोमध व्हॅन बसली. परत आलो तर हात बांधून दारात उभा. मी त्याला एक शब्द बोललो नाही. फक्त म्हटलं, चांगला दिसतोय तोवर काढायचा असतो रे, तुटल्यावर काय, कोणीही काढेल.

२१ सप्टेंबर

पट्टा बदलला! पण मला न बोलावता. मी समोर असल्याशिवाय कव्हर उघडायचं नाही, हा नियम त्याला पाठ आहे. गेलो तर काम उरकलेलं, जुना पट्टा स्टुलावर ठेवलेला. म्हणे, "साहेब, तुम्हाला त्रास नको म्हणून."

पट्टा हातात घेतला. वाकवला, दात पाहिले, पाठ पाहिली. एक चीर नाही. पाठीवरची छापील अक्षरं लख्ख वाचता येत होती. सहा वर्षांत ती अक्षरं झिजून सपाट व्हायला हवीत. म्हटलं, माल चांगला होता बुवा. मिस्त्री "हो ना" म्हणाला आणि उगाच पाने आवरायला लागला. त्याने पाने आवरलेले मी तीस वर्षांत पाहिलेले नाहीत.

"तारीख घालायचीय मला आत."

"कव्हर फुटलं साहेब, काढताना. दुसरं घातलं."

जुन्या कव्हरवर गाडी घेतल्यापासूनच्या सगळ्या तारखा होत्या. विचारलं, कुठाय ते? भंगारात गेलं म्हणाला. चिडलो, पण आता बोलून काय. नव्यावर तरी घालायला हवी. तर म्हणे पाण्याच्या पंपाचं थोडं काम राहिलंय, दोन दिवस गाडी ठेवा.

ती अक्षरं मात्र खटकली. पट्टे मी हजारांनी पाहिलेत. ती अक्षरं सहा वर्षांची नव्हती. मिस्त्री मला फसवत असेल का? दुसऱ्याच गाडीचा पट्टा दाखवून? तो असं करणार नाही. पण मग काय?

२३ सप्टेंबर

रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन न सांगता गेलो. मिस्त्री एका व्हॅनखाली, बाहेर नुसते पाय. त्याला उठवायला नको, आपणच नवं कव्हर सोडवू, म्हणून दहाचा पाना शोधायला दारामागे गेलो. तिथे खिळ्याला माझं कव्हर टांगलेलं. जुनं. फुटलं कुठेच नव्हतं.

उलटं केलं. तारखा एकाखाली एक. ठमी जन्मली त्या महिन्यातली सापडली. तिच्याखाली आणखी एक. मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली. पोट फुगलेला पाच, मान वाकडी केलेला आठ. माझा हात. असा आठ माझ्याशिवाय कोणी काढत नाही, शाळेत मार खाल्लाय त्याच्यासाठी.

हाक मारली, "मिस्त्री, बाहेर ये."

तो सरपटत बाहेर आला. माझ्या हातात कव्हर बघितलं आणि तसाच जमिनीवर बसून राहिला.

"हे फुटलं होतं ना?"

"नाही साहेब."

"ही तारीख कोणी घातली?"

"तुम्हीच घातलीत. या स्टुलावर बसून. मी चहा आणला तर म्हणालात, रंग वाळू दे आधी. शर्टाला लागला तुमच्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो साहेब. तुम्ही म्हणालात, क्लच केला. क्लच त्याच्या आदल्या वर्षी झाला."

"ओरडून सांगायचं!"

"तुमच्यावर?" तो म्हणाला. "मग मी ताईंना फोन केला. त्यांना शाळेचं ठमीकडून कळलंच होतं. त्या म्हणाल्या, थोडे दिवस गाडी ठेवून घ्या, काहीतरी कारण सांगा. माझ्याच्याने धड कारणही सांगवेना."

"आणि पट्टा?"

"बदलला. तुम्ही म्हणालात बदल, म्हणून बदलला. जुना नवाच होता."

"आणि त्या दिवशीचा आवाज?"

तो खाली बघत म्हणाला, "आवाज नव्हताच साहेब. दोनदा लांब फिरवून आणली मी."

त्या स्टुलावर बसलो. खूप आठवून पाहिलं. स्टूल आठवतं, ते तर कायमचंच आहे. चहा आठवत नाही. रंग आठवत नाही. तो पूर्ण दिवसच नाही. एखादी गोष्ट अंधुक आठवणं वेगळं. इथे काहीच नव्हतं. मला भीती वाटली. माझी नाही. मागच्या सीटवर ठमी होती, त्याची.

मिस्त्री म्हणाला, "कव्हर टाकायला निघालो होतो दोनदा. तुमचं अक्षर आहे, नाही टाकवलं."

त्याने माझ्याच गाडीतून घरी आणून सोडलं आणि किल्ली हातात दिली. कव्हर मी सोडलं नाही, काखेत धरून आणलं. हिने दार उघडलं, कव्हर बघितलं आणि बाजूला झाली. जेवताना मी म्हटलं, "तो डाग खिडकीचा नव्हता." ही म्हणाली, "नसू दे." आणि मग मला आणखी एक पोळी वाढली, मी नको म्हणत असताना.

एक मात्र लिहून ठेवतो, कारण उद्याचा भरवसा नाही. मी तारीख चुकवली नव्हती. बरोबर पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, पट्टा बदलला होता.

२४ सप्टेंबर

आज सकाळी मागची पानं वाचली. ड्रायव्हरची पैज दोनदा लिहिली आहे. दुसऱ्यांदा लिहिताना वर "कधी लिहिला नव्हता" असंही आहे. पान फाडणार होतो. मग राहू दिलं. आतली तारीख पुसायची नसते.

संध्याकाळी लेकीला बोलावून घेतलं. टेबलावर गाडीची किल्ली ठेवली.

"ही तुझी. जोडकिल्ली पण यातच आहे."

ती म्हणाली, "बाबा, रिपोर्ट यायचाय अजून. डॉक्टर म्हणालेत, कदाचित फार काही नसेलही. तुम्ही गाडी छान चालवता."

"पट्टा पण छान होता. अक्षरं वाचता येत होती."

"बाबा, मी तसं..."

"रिपोर्टची वाट बघत बसणारे पुलावर अडकतात. माझा एक ड्रायव्हर होता, त्याने पैज..." आणि मी थांबलो. तिला विचारलं, "हे सांगितलंय मी तुला?"

"सांगितलंय," ती म्हणाली. "सांगा परत."

मग मात्र ती रडली. मला वाटतं तीन आठवड्यांचं एकदम रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात. हिने दोघांना पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "झालं असेल तर पानं वाढते." रागच आला. मग बघितलं तर हिचेही डोळे लाल.

अटी घातल्या. एक, माझ्याशी खोटं बोलायचं नाही, विशेषतः मिस्त्रीला बोलायला लावायचं नाही, त्याला जमत नाही. दोन, सकाळी ठमीला सोडायला जाताना मी बाजूच्या सीटवर. बोलणार नाही, म्हटलं. लेक म्हणाली, "पहिली अट मोडलीत बाबा लगेच."

२७ सप्टेंबर

आज सगळे मिस्त्रीकडे. लेकीने गाडी चालवली. गिअर टाकताना क्लच पुरता दाबत नाही, पण बोललो नाही. दोनदाच बोललो.

मिस्त्रीने नवं कव्हर काढलं आणि जुनं बसवायला घेतलं. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. चहा मी आधी प्यायलो, मुद्दाम. मग ब्रश घेऊन शेवटच्या तारखेच्या खाली या महिन्याची तारीख घातली. नवाची मानही आठासारखीच वाकडी झाली. मिस्त्री म्हणाला, "राहू द्या साहेब, ओळखू येतो." लेकीला म्हटलं, याच्या खाली पुढची तू घाल, पाच वर्षांनंतरची. आजवर पुढची तारीख मी कधी लिहिली नव्हती. ती माझ्या डोक्यात असायची.

तिने घातली. अक्षर बरं आहे.

ठमी मधे मधे लुडबुड करत होती. तिला म्हटलं, ही तारीख पाठ कर. तेव्हा तू अकरा वर्षांची असशील, आईला आठवण करायचं काम तुझं. तिने एका दमात म्हणून दाखवली, दिवस, महिना, साल.

मग कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "आता तुम्ही."

लेकीने तिला मागे ओढलं. मिस्त्री पाने आवरायला लागला. मी म्हटलं, थांबा, बरोबर विचारतेय ती.

म्हटली. बरोबर आली.

ठमी म्हणाली, "उद्या परत विचारीन."